पैसे मात्र नवरा देतो

नमस्कार श्रोतेहो.

श्लेष शिकताना शाळेत एक ओळ आपण सगळ्यांनीच घोकली. 'औषध नलगे मजला.' दमयंती नलाच्या ध्यासानं अंथरुणाला खिळलेली, उशाशी आई. आईला ऐकू येतं, औषध न लगे मजला. ती खूश, पोरगी बरी झाली! आता तेच जरा वेगळं तोडा. औषध... नल गे मजला. अगं आई, माझं औषध म्हणजे नलराजा! अक्षर तेच. फक्त श्वास कुठे घेतला, तेवढंच बदललं. पुन्हा सांगतो, श्वास कुठे घेतला.

आमच्या आजीला श्लेष हा शब्द माहीत नव्हता. श्वास मात्र बरोबर कळायचा.

गिरगावातली आमची चाळ. आत्याचं लग्न, चुडा भरायचा दिवस. दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक बायका, आणि मी कॉटखाली लाडूचा डबा धरून. कासाराची वाट बघताना आजीनं कोडं घातलं. तेवढ्यात शेजारचे मास्तर वर्तमानपत्र परत द्यायला दारात आले. आजीनं त्यांना पाहिलं आणि आवाज चढवला.

"परका गडी घरात येतो. बाईला समोर बसवतो. हात धरतो, दाबतो. हळूहळू... सरकवतो. ती म्हणते, आई गं! तो म्हणतो, सोसा जरा. आणि पैसे? पैसे मात्र नवरा देतो! ओळखा."

त्या 'हळूहळू'नंतर आजी थांबली होती. जेमतेम एक श्वास. मास्तर कानापर्यंत लाल. "आजी, लहान मुलं आहेत घरात."

"मग? कासार आहे तो, मास्तर! बांगड्या भरणारा! तुम्ही कुठे जाऊन पोचलात?"

खोली फुटली. (हे गॅलरीतलं हसणं टॉवरमध्ये नाही हो. तिथे लिफ्टमध्ये सगळे मजल्यांचे आकडे वाचत उभे.)

दादा कोंडके नायगावचे, गिरणगावात वाढलेले. त्यांचीही हीच युक्ती. चेहरा इतका भाबडा, की चावट अर्थ काढणाराच चोर ठरायचा. आणि एकनाथ महाराजांनी तर हे उलटं फिरवलं. विंचू चावला म्हणून लोक हसले, आणि तो विंचू निघाला काम-क्रोधाचा. असो. मोबाइलवर येणारे चावट विनोद मला आवडत नाहीत, त्यांत पहिला अर्थच नसतो. पहिला अर्थ स्वच्छ हवा, श्रोतेहो. पहिला स्वच्छ हवा.

तर मास्तर वळले, आणि जिन्यातून खरोखरीचा कासार वर आला. खांद्यावर हिरव्या बांगड्यांच्या माळा. त्याला पाहून वीस बायका पदर तोंडात कोंबून खिदळायला लागल्या. त्यानं बिचाऱ्यानं आधी सदऱ्याची बटणं तपासली, मग मागे वळून पाहिलं.

आत्याचा हात धरून म्हणाला, "सोसा जरा, ताई."

त्या दिवशी चुड्यातल्या सहा बांगड्या फुटल्या.