पिंपातलं पाणी बाहेर कसं जाईल?

मंडळी, पावसाचं पाणी पिंपात साठवून बागेला घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पिंप केवढं घ्यावं? मी आज दुसऱ्या टोकाने सुरुवात करते. पिंप भरायचं काम पाऊस करतोच. आपण ठरवायचं ते हे, की भरलेल्या पिंपातून पाणी कुठल्या वाटेनं बाहेर पडेल. या वाटा दोन आहेत. एक नळाची, ती सगळ्यांना आठवते. दुसरी जादा पाण्याची. तिचा विचार बहुतेकदा पिंप बसवून झाल्यावर होतो आणि तोवर भिंतीच्या कडेला डबकं झालेलं असतं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. यात छपराच्या उताराची लांबी मोजायची नसते. वरून पाहिलं तर जेवढी जमीन झाकलेली दिसेल, तेवढंच क्षेत्रफळ धरायचं. समजा, पन्हळीच्या एका पाइपाकडे २० चौरस मीटर छप्पर उतरतं. १० मिलिमीटर पाऊस झाला की २०० लिटर पाणी. काही छप्पर पितं, काही उडून जातं, म्हणून दहा-वीस टक्के वजा करा. तरी २०० लिटरचं नेहमीचं पिंप एका बऱ्यापैकी सरीत भरत आलं. आता तासाला ५० मिलिमीटरच्या वेगानं झोडपणारा पाऊस घ्या. पिंप बारा-पंधरा मिनिटांत काठोकाठ होतं आणि त्यानंतरही मिनिटाला पंधरा-सोळा लिटर पाणी येतच राहतं. ते जाणार कुठे?

बऱ्याच पिंपांना जादा पाण्यासाठी वरच्या बाजूला एक इंची नळी लावलेली दिसते. ती पुरत नाही. खाली बसवलेल्या नळावर पाण्याचा अख्खा स्तंभ दाब देत असतो. वरच्या भोकाशी मात्र पाणी फार तर दोन-तीन बोटं चढलेलं असतं. एवढ्याशा दाबावर बारीक नळीतून पाणी संथच जातं, आणि बाकीचं झाकणावरून भिंतीकडे वाहतं. म्हणून जादा पाण्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतका रुंद हवा, त्याहून बारीक कधीच नको. त्याचं दुसरं तोंड घराच्या पायापासून दूर न्या. एखाद्या झाडाच्या आळ्यात, उतारावरच्या चरात, नाहीतर दुसऱ्या पिंपात सोडा. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली मात्र नको.

आता नळ. तो तळाला अगदी टेकवून लावू नका. छपरावरची धूळ, पानांचा चुरा, पक्ष्यांची घाण असं सगळं गाळ होऊन तळाशी बसतं. तळापासून चार बोटं वर भोक पाडलं की गाळ खालीच राहतो. भोकात टँक निपल (पिंपाच्या भिंतीतून आरपार जाणारा, नळ जोडायचा आट्यांचा तुकडा) बसवायचं, त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची, रबरी वॉशर घालून आतून नट आवळायचा. त्यासाठी हात आतपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून रुंद तोंडाचं पिंप सोयीचं. पण रुंद तोंडाच्या पिंपात लहान मूल डोकावून आत पडू शकतं, हे कधीही विसरू नका. मुलांना उघडता येणार नाही असं, कडं आवळून बसणारं झाकण असेल तरच ते पिंप घ्या. आणि त्यात पूर्वी काय भरलेलं होतं ते विचारा. कीटकनाशकाचं किंवा कसल्या रसायनाचं असेल, तर कितीही धुतलं तरी ते बागेला नको.

पिंपाला चौथरा लागतो, कारण नळाखाली झारी उभी राहिली पाहिजे. गुडघ्याएवढी उंची पुरते. इथे वजन लक्षात घ्या: २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, पिंपाचं वजन वेगळं. नुसत्या एकावर एक रचलेल्या विटा कोरड्या जमिनीवर भक्कम वाटतात. पावसानं माती मऊ झाली की एक कोपरा दबतो आणि पिंप कलतं. नेमकं तेव्हाच ते भरलेलं असतं. जमीन ठोकून सपाट करा, खाली खडी घाला, चौथरा पिंपाच्या बुडापेक्षा रुंद ठेवा.

पहिलं पाणी वेगळं काढावं का? काढावं, विशेषतः बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर. पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस छप्पर धुऊन काढतो. २० चौरस मीटरला ते होतात दहा लिटर. ११० मिलिमीटरचा, खालून बूच लावलेला मीटरभराहून थोडा लांब पाइप पन्हळीच्या पाइपाला उभा जोडला, की आधी तो भरतो आणि मगच पाणी पिंपाकडे वळतं. बुचाला एक बारीक छिद्र ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो आपोआप रिकामा होतो.

डासांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे हयगय चालत नाही. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीवर. पाणी उपसून टाकलं तरी ती अंडी चिकटून राहतात, कोरडेपणा काही महिने सोसतात आणि पातळी पुन्हा वर आली की फुटतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत उडणारा डास तयार. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. आतून ब्रशनं खरवडून घासावं लागतं. आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी सगळे लावतात, पण जादा पाण्याच्या पाइपाचं तोंड उघडं राहतं आणि डास तिथून शिरतो. आणखी एक जागा आहे, झाकणाची. झाकणाला उभी कड असते, तिच्या आत बोटभर पाणी साचतं, आणि आतलं पिंप कितीही बंदिस्त असलं तरी या डबक्यात अळ्या होतात. झाकणाला बारीक छिद्रं पाडून वर जाळी ताणून बसवा, म्हणजे पाणी आत झिरपतं. त्याच छिद्रांतून हवाही जाते, त्यामुळे नळ सोडल्यावर पाणी अडखळत येत नाही.

शेवाळाचा उपाय एका वाक्यात: पिंपात उजेड शिरू देऊ नका. काळं किंवा गडद निळं घ्या, पांढरट अर्धपारदर्शक असेल तर रंगवा.

हे पाणी पुरणार किती? उन्हाच्या कोरड्या दिवसांत एका चौरस मीटर वाफ्याला रोज चार-पाच लिटर लागतात. दहा चौरस मीटरच्या बागेला एक पिंप चार-पाच दिवस. म्हणजे दोन सरींमधली उघडीप भरून काढायला ते उत्तम आहे, अख्खा कोरडा हंगाम त्यावर काढता येणार नाही. म्हणून पाऊस येणार असं दिसलं की पिंप राखून ठेवू नका, बागेला घालून रिकामं करा. भरलेल्या पिंपात पुढची सर मावत नाही.

हे पाणी पिण्याचं नाही, तसं पिंपावर लिहून ठेवा. कच्च्या खायच्या पालेभाजीवर ते वरून शिंपडू नका, मुळाशी घाला. आणि ॲस्बेस्टॉसच्या किंवा शिशाचा रंग दिलेल्या छपरावरचं पाणी खाण्याच्या भाज्यांना नको.

श्रोत्यांतून दोन प्रश्न आले आहेत. एक, ठिबक जोडता येईल का? दाब मोजायचं एकक म्हणजे बार. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बारच्या दहाव्या भागाइतका, आणि बरेचसे ड्रिपर, म्हणजे ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, साधारण एक बार दाबाला धरून बनवलेले असतात. म्हणून कमी दाबावर चालणारे ड्रिपर घ्या, नळी आखूड ठेवा, आणि पिंप अर्धं झालं की धार मंदावेल हे धरून चाला.

दुसरा प्रश्न दोन पिंपं जोडण्याचा. तळाजवळ आडव्या पाइपानं जोडली तर दोन्हींची पातळी सारखी राहते आणि एकाच नळातून दोन्हींचं पाणी मिळतं. त्यासाठी दोन्ही चौथरे एका उंचीचे हवेत. मधे एक व्हॉल्व्ह जरूर घाला. एक पिंप घासायला काढलं, तरी दुसऱ्यातलं पाणी वापरता येतं.