शांतता नव्हे, शेजारी

लेखकानं खेड्यात जाऊन राहावं, तिथं शांतता असते, हातून लिहून होतं, असं आपल्याकडं सर्रास म्हटलं जातं. कोकणात चार गुंठे घेऊन ठेवलेले दोघे-तिघे तरी या सभागृहात नक्की असतील. त्यांना नाउमेद करायला मी आलेले नाही. पण मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन कादंबरीकर्तीची गोष्ट मला सांगायची आहे. तिच्या लेखनाचं भलं शांततेनं फारसं केलं नाही. केलं ते शेजाऱ्यांनी.

मार्जोरी शहरात वाढलेली, बातमीदारी केलेली. रॉचेस्टरच्या एका दैनिकात ती गृहिणींसाठी रोज एक कविता लिहायची. दिवसाला एक कविता म्हणजे काय होत असेल, तुम्हीच बघा! जोडीला गूढ, भयकारी वळणाच्या कथा लिहून ती मासिकांना पाठवी आणि त्या साभार परत येत. १९२८ साली, आईकडून आलेल्या थोड्या पैशांतून, नवऱ्याबरोबर तिनं फ्लोरिडात क्रॉस क्रीक इथं ७२ एकरांची संत्र्याची बाग घेतली. दोन तळ्यांना जोडणारा एक ओहोळ, आणि वस्ती म्हणाल तर पाच गोरी कुटुंबं, दोन काळी. सुरुवातीला घरात न्हाणीघरसुद्धा नव्हतं. कडाक्याची थंडी पडली, की बाग वाचवायला रात्रभर झाडांमध्ये शेकोट्या पेटवत फिरायचं. नवऱ्याला ते जमलं नाही. १९३३ मध्ये घटस्फोट झाला, ती मात्र राहिली.

तोवर तिला विषय सापडला होता. आजूबाजूच्या रानात राहणारे गरीब गोरे, ज्यांना तिकडं 'क्रॅकर' म्हणत, त्यांचं बोलणं, शिकार, चोरून दारू गाळणं. रानातल्या एका म्हातारीकडं आणि तिच्या मुलाकडं ती काही आठवडे जाऊन राहिली. मुलगा हातभट्टीवाला. त्यातून पहिली कादंबरी आली. मॅक्स पर्किन्स हा हेमिंग्वे-फिट्झजेराल्डचा संपादक तिलाही लाभला होता. तो तिला सांगत होता, या रानातल्या एका पोराची गोष्ट लिही. तिनं ते बाजूला ठेवून आधी एका इंग्रज माणसावर कादंबरी लिहिली. मोठे लेखकही संपादकाचं लगेच ऐकत नाहीत, हे ऐकून आमच्यासारख्यांना जरा बरं वाटतं. पुढं एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं लहानपणी पाळलेल्या पाडसाची आठवण तिला सांगितली. पाडस पीक खाऊ लागलं आणि त्याला मारावं लागलं. त्या आठवणीवर उभी राहिलेली 'द इयरलिंग' १९३८ साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं.

१९४२ साली तिनं गावावरच पुस्तक लिहिलं, खऱ्या नावांनिशी. त्यात झेल्मा केसन नावाची मैत्रीण होती. जनगणनेच्या कामाला दोघी घोड्यांवरून रानोमाळ हिंडल्या होत्या. पुस्तकात झेल्माचं वर्णन आलं ते चिडक्या पण कामसू कॅनरी पक्ष्यासारखी बाई असं, शिवाय तिच्या शिवराळ तोंडाचं कौतुक. मार्जोरीनं ते प्रेमानं लिहिलं असावं, असं मला वाटतं. झेल्मा कोर्टात गेली आणि एक लाख डॉलर मागितले.

खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे, हे फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं याच खटल्यात १९४४ साली मान्य केलं. १९४६ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा पुस्तकात आलेले बरेच शेजारी लेखिकेच्या बाजूनं साक्षीला आले. ज्यूरीनं तिला निर्दोष ठरवलं. झेल्मानं अपील केलं. वरच्या कोर्टानं १९४७ मध्ये झेल्माला नुकसानभरपाई दिली, एक डॉलर आणि खटल्याचा खर्च.

त्यानंतर मार्जोरीनं क्रॉस क्रीकवर पुस्तक लिहिलं नाही. न्यूयॉर्क राज्यात एक जुनं शेतघर घेऊन तिथल्या जीवनावरची कादंबरी ती बरीच वर्षं झगडत लिहीत होती. ती १९५३ साली आली आणि त्याच वर्षाअखेरीस मार्जोरी गेली. कादंबरी मला निर्जीव वाटते. तिथं शांतता मुबलक असावी, पण माणसं तिच्या ओळखीची नव्हती.

कोर्टात गेली ती झेल्मा. मार्जोरीच्या घरी राबणाऱ्या काळ्या बायकांना तसा मार्ग त्या काळात कुठून असणार? तिची स्वयंपाकीण आयडेला पार्कर हिनं १९९२ साली स्वतःचं पुस्तक काढलं. मार्जोरीच्या गाजलेल्या पाककृतींतल्या बऱ्याचशा आपल्या होत्या, असं त्यात तिनं सांगितलं आहे.