छोट्या, शांत माशांसाठी टँक केवढा घ्यायचा?

(समोर रिकामा टँक, हातात मेजरिंग टेप)

नमस्कार मंडळी. दुकानात जाऊन ‘दोन फुटी टँक द्या’ म्हटलं की दोन फूट लांबीचा टँक हातात पडतो. रुंदी किती, उंची किती, हे बहुतेक गिऱ्हाईक विचारतच नाही. आत किती पाणी बसणार, हे मात्र त्यावरच ठरतं.

हा टँक बघा. लांबी २४ इंच, रुंदी १२, उंची १५. तिन्ही आकडे गुणायचे आणि ६१ ने भागायचं, लिटर मिळतात. इथे आले साधारण ७१ लिटर. पण एवढं पाणी यात कधीच राहणार नाही.

(टेप काचेला उभी लावून)

तळाला वाळू, दोन इंच. वर इंचभर जागा मोकळी. मधे उरलं १२ इंच, म्हणजे ५७ लिटर. दगड आणि लाकूड ठेवलं की ५५ धरा. आता याच लांबी-रुंदीचा १२ इंच उंच टँक घेतला, तर पाणी उरतं फक्त नऊ इंच, जेमतेम ४० लिटर. बाहेरून तीन इंचांचा फरक, आत पंधरा लिटरचा! त्यामुळे माशांचा हिशेब नेहमी या आतल्या पाण्यावर करायचा, लेबलवरच्या लिटरवर नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: निऑन टेट्रा, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रास्बोरा, गप्पी, हनी गुरामी अशा माशांसाठी पहिलाच टँक घेत असाल तर २४ बाय १२ बाय १५ च्या खाली येऊ नका. ‘नवशिके आहात, छोटा बाऊल घ्या’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो उलटा आहे. छोटा टँक सांभाळणं हेच अवघड काम आहे.

का, ते आकड्यांत बघू. माशांच्या खाद्यात ४० टक्के प्रथिनं धरली, तर एक ग्रॅम खाद्यात साधारण ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. ते खाद्य कोणी खाल्लं नाही आणि तळाशी सडलं, तर त्याचा अमोनिया होतो. ५५ लिटरमध्ये तो लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास जातो. हेही वाईटच, पण पाणी बदलून सावरता येतं. तेच सहा लिटरच्या बाऊलमध्ये झालं, तर आकडा दहाच्या वर! सकाळी मासे वर येऊन श्वास घेताना दिसतात, कल्ले लाल झालेले असतात. पाणी बोअरचं, पीएच आठच्या पुढचं असेल तर तोच अमोनिया आणखी विषारी ठरतो.

तापमानाचंही तसंच. विदर्भात मे महिन्यात किंवा नाशिकला डिसेंबरच्या रात्री, थोडं पाणी लगेच तापतं आणि लगेच गारही होतं.

आता लांबी की उंची? लांबी. दोन कारणं. एक, प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. उंच, चिंचोळ्या टँकमध्ये लिटर वाढतात, पृष्ठभाग तेवढाच राहतो. दुसरं, हे मासे घोळक्याने आडवे पोहतात. दोन फूट उंच आणि एक फूट लांब शोपीस टँक हॉलमध्ये झकास दिसतो, निऑनला मात्र त्यात दोन शेपट्या मारल्या की काच लागते. शिवाय तळाची सफाई करताना हात खांद्यापर्यंत बुडतो, हे विकणारा सांगत नाही.

‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. विसरा. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि घाण वजनाच्या हिशेबाने होते. एक इंचाचे दहा एम्बर आणि दहा इंचांचा एक ऑस्कर यांची बेरीज सारखी कशी असेल?

तर ५५ लिटरमध्ये काय ठेवायचं? दहा निऑन, सहा पिग्मी कोरी (मिशा असलेले इवलेसे मासे) आणि एक हनी गुरामी. निऑन मधल्या थरात, कोरी तळाला आणि अधूनमधून वर, गुरामी वरच्या झाडांत; कोणी कोणाच्या फारसं वाटेत येत नाही. कोरीसाठी वाळू बारीक हवी, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. निऑन सहाच्या खाली नकोत. दोन-तीनच ठेवले तर घाबरून कोपऱ्यात बसतात, रंग उडतो. निऑनऐवजी आठ हार्लेक्विन चालतील.

नळाचं किंवा बोअरचं पाणी फार जड, म्हणजे क्षारांचं असेल, तर निऑनचा हट्ट सोडा आणि गप्पी घ्या. पण फक्त नर. मादी महिन्याभराच्या अंतराने वीस-तीस पिल्लं देते, आणि ‘फक्त माद्या घेतल्या’ म्हणूनही सुटका नाही. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते. तीन माद्या आणल्या की मोठा टँकसुद्धा बघता बघता लहान पडतो.

एक फुटी क्यूबचं काय? त्यात खरं पाणी २१ लिटर. एक नर फायटर ठेवा, नाहीतर चेरी श्रिंप. टँक चांगला मुरलेला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू आत बसलेला असेल, तर आठ-दहा चिली रास्बोरा. ते दोन सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. निऑन नाही. गोल्डफिश तर नाहीच.

आकाराने लहान म्हणजे लहान टँकचा, असंही नसतं. झेब्रा डॅनिओ पाच सेंटिमीटरचा, पण सतत सुसाट पळतो. त्याला तीन फूट लांबी द्या. टायगर बार्ब लहान आहे, पण शांत नाही. गप्पीच्या शेपटीच्या चिंध्या करतो.

आणि दुकानातली पिल्लं फसवतात. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. ‘काच साफ करतो’ म्हणून दिलेला सकर फूटभराच्या पुढे जातो. मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, आपल्या पश्चिम घाटातला देखणा मासा, पण १२-१५ सेंटिमीटर होतो आणि घोळक्यानेच राहतो. त्याला चार फुटी टँक लागतो. ‘ब्लू शार्क’ म्हणून विकतात तो बहुतेक वेळा पंगस असतो, मासळी बाजारात बासा म्हणून मिळतो तोच! त्याला घरातला कुठलाच टँक पुरत नाही.

मग मोठ्यात मोठा केवढा? तुम्ही दर आठवड्याला किती बादल्या उचलणार, त्यावर ठरवा. आठवड्याला पाव पाणी बदलायचं. ५५ लिटरला ते १४ लिटर, म्हणजे एक बादली. चार फुटी टँकला पन्नासच्या आसपास. पाचव्या मजल्यावर पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल, तर याचा विचार आधीच करा. महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारं औषध बादलीतच टाकायचं.

(टेबलाकडे बोट दाखवत)

वजन. पाणी ५५ किलो, वाळू १५, काच ११ ते १३. दगड धरून ८५ किलोच्या घरात. टीव्ही युनिटच्या पार्टिकल बोर्डवर हे ठेवू नका. बोर्ड मधून वाकतो, काचेवर ताण येतो आणि सिलिकॉनचा जोड सुटतो. लोखंडी स्टँड घ्या, पाणसळ लावून चारही बाजू तपासा. तळाची काच थेट टेकत असेल तर खाली थर्माकोलची शीट. १५ इंच उंचीला काच सहा मिलिमीटरची मागा. टँक नवीन बनवून घेतला असेल तर सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाऊ द्या, मग गच्चीत किंवा बाथरूममध्ये दिवसभर भरून ठेवा. गळती तिथेच कळलेली बरी.

फिल्टर ताशी पाण्याच्या पाचपट, म्हणजे ३०० लिटरचा बास. जास्त जोराचा लावला तर गुरामी दिवसभर प्रवाहाशी झगडत राहते. वीज वारंवार जात असेल तर स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप.

टँक भरल्यावर लगेच सतरा मासे आणायचे नाहीत. अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न घालता फिल्टर चालू ठेवा आणि चिमूटभर खाद्य टाकत राहा. जिवाणूंना अमोनिया तिथूनच मिळतो. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासूनच बनतं, तेही विषारी) दोन्ही शून्य आले की आधी सहा कोरी. दोन आठवड्यांनी, आकडे शून्यच असतील तर, दहा निऑन. गुरामी सगळ्यात शेवटी.