बावन्न गुणांचा मोसम

नमस्कार श्रोतेहो.

आज मी आपल्यापुढे एकाच मोसमाविषयी बोलणार आहे. तो फुटबॉलचा मोसम आहे, २०१२-१३ सालच्या आय-लीगचा, म्हणजे त्या वेळच्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, आणि त्याच्या अखेरीस गुणतक्त्यात दुसऱ्या क्रमांकावर आपल्या शहराचे नाव होते. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स हा संघ पंचावन्न गुणांनी विजेता ठरला, पुणे एफसीने बावन्न गुण मिळवले, आणि ईस्ट बंगाल, डेम्पो, मोहन बागान ही फुटबॉलच्या दुनियेतली मातब्बर नावे त्या तक्त्यात आपल्या खाली होती. देशातल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पुण्याच्या कोणत्याही पुरुष संघाला याहून वरचे स्थान आजवर मिळालेले नाही. तरीही पुण्याच्या क्रीडापरंपरेविषयी बोलताना आपण तालमींची नावे घेतो, कबड्डी-खोखोच्या मैदानांची आठवण काढतो, क्रिकेटविषयी तर भरभरून बोलतो, पण या बावन्न गुणांचा उल्लेख माझ्या कानावर फारसा आलेला नाही. म्हणून हे भाषण.

लीग म्हणजे काय, हे ज्यांना बाद पद्धतीच्या स्पर्धांची सवय आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बाद फेरीच्या स्पर्धेत चार-पाच दिवस संघाला सूर गवसला की करंडक हाती येऊ शकतो. लीगमध्ये तसे होत नाही. त्या मोसमात चौदा संघ होते आणि प्रत्येकाने इतर तेरा संघांशी दोनदा खेळायचे होते, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. एकूण सव्वीस सामने, ऑक्टोबरपासून मेपर्यंत. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला काहीच नाही. या सात-आठ महिन्यांत गुडघे दुखावतात, पिवळी कार्डे साचतात, आघाडीवीराचे गोल अचानक आटतात, आणि तरीही पुढच्या आठवड्यात मैदानात उतरावेच लागते. दुसरा क्रमांक मिळवणाऱ्या संघाने एखाद्या संध्याकाळी चमत्कार केलेला नसतो, त्याने आठ महिने नेटाने काम केलेले असते.

त्या चौदा संघांचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर पुण्याचे एकटेपण लक्षात येते. चार संघ गोव्याचे होते: चर्चिल, डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग. चार कोलकात्याचे: ईस्ट बंगाल, मोहन बागान, प्रयाग युनायटेड आणि पैलान अ‍ॅरोज. मुंबई एफसी, एअर इंडिया आणि ओएनजीसी हे तिघे मुंबईच्या मातीतले. ईशान्येकडून शिलाँग लाजाँग आणि बायचुंग भुतियाने उभा केलेला युनायटेड सिक्कीम. आणि उरलेले एक नाव पुणे. गोव्यात गावागावांत चर्चपुढच्या मैदानावर फुटबॉल चालतो, कोलकात्यात आजोबांकडून नातवाकडे क्लबची निष्ठा जाते. आपल्याकडे कॅम्प, खडकी, दापोडी, रास्ता पेठ या भागांत फुटबॉल जिवंत होता आणि आहे, लष्करी छावण्यांमुळे तो इथे रुजलाही, परंतु शहराचा असा एक व्यावसायिक संघ ही गोष्ट २००७ साली पुणे एफसी स्थापन होईपर्यंत नव्हती.

हा क्लब अशोक पिरामल समूहाने उभा केला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून तो २००९-१० मध्ये आय-लीगच्या पहिल्या श्रेणीत आला आणि पहिल्याच मोसमात तिसरा आला. तो काळ कंपन्यांचे संघ एकामागून एक बंद होण्याचा होता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. नोकरीच्या आधारावर खेळाडू सांभाळण्याची जुनी व्यवस्था मोडत होती, आणि तिच्या जागी केवळ फुटबॉलसाठी असलेला क्लब, त्याची अकादमी, त्याचे वयोगटांचे संघ अशी नवी घडी बसायला हवी होती. पुणे एफसीने ती मनापासून बसवायला घेतली होती, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला त्यात शंका असेल त्याने अनिकेत जाधवचे नाव आठवावे. कोल्हापूरचा हा मुलगा बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे पुणे एफसीच्या अकादमीत घडला, आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाची जर्सी घालून खेळला.

आता बालेवाडीकडे येऊ. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीतले ते मोठे स्टेडियम हे पुणे एफसीचे घर होते. शहरातून तिथे जायचे म्हणजे त्या काळी एक बस बदलून महामार्गाच्या कडेने जावे लागे, आणि मैदानाभोवती अ‍ॅथलेटिक्सचा ट्रॅक असल्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये बरेच अंतर राहत असे. खेळाडूचा चेहरा दिसत नसे, त्याची चाल दिसे. मी पहिल्या दोन सामन्यांत या अंतरामुळे खट्टू झालो होतो. नंतर माझ्या शेजारी बसणाऱ्या खडकीच्या एका निवृत्त सुभेदारांनी मला सांगितले की, चेंडूकडे बघूच नका, मागच्या चौघांकडे बघा. मी तसे बघू लागलो आणि फुटबॉल मला वेगळाच दिसू लागला. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही आपले चार बचावपटू एका दोरीत ओवल्यासारखे पुढे सरकत, उजवीकडचा आत आला की डावीकडचा दोन पावले मागे जाई, मधल्याचा एक हात सतत वर असे आणि त्या हाताच्या इशाऱ्यावर सगळी रांग हलत असे. संध्याकाळी दिवे लागले की गवतावरच्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा उठून दिसत, आणि त्या रेषांच्या हिशेबाने ही रांग किती पुढे आली, किती मागे गेली, हे वरून अगदी स्वच्छ मोजता येई. जवळ बसलो असतो तर हे मला दिसले नसते.

त्या बचावफळीत केरळच्या मलप्पुरमचा अनस एडाथोडिका होता, जो पुढे भारतीय संघाच्या बचावाचा कणा ठरला. आघाडीला मिझोरामचा जेजे लालपेखलुआ आणि दक्षिण सुदानचा जेम्स मोगा होते. मोगाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दक्षिण सुदान हा देश २०११ मध्ये स्वतंत्र झाला, आणि जुलै २०१२ मध्ये त्याने युगांडाविरुद्ध आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला. तो दोन-दोन असा बरोबरीत सुटला, आणि त्या दोन गोलांपैकी एक मोगाचा होता. आपल्या देशाच्या अगदी पहिल्या सामन्यात गोल करणारा हा माणूस काही महिन्यांनी बालेवाडीत आपल्यासाठी धावत होता, आणि स्टेडियमच्या फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या आम्हा लोकांना त्याची कल्पनाही नव्हती.

आणि मधल्या फळीत अराता इझुमी. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही, त्यामुळे भारताकडून खेळायचे तर जपानचे नागरिकत्व सोडावे लागणार होते, आणि त्याने ते सोडले. याच मोसमात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, कोचीमध्ये पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. एखाद्या देशासाठी खेळण्याची किंमत काय असू शकते, हे त्याच्या त्या निर्णयावरून मला जितके कळले तितके कोणत्याही जल्लोषावरून कळले नाही. त्यानंतर बालेवाडीत तो मैदानात आला की आम्ही उभे राहून टाळ्या वाजवत असू.

या सगळ्यांना एकत्र बांधणारे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. सामन्यातल्या प्रत्येक मिनिटाचे नाट्य करणारा तो संघ नव्हता. एक गोल केला की तो राखायचा, परमुलखात एक गुण मिळत असेल तर तो पदरात पाडून घ्यायचा, आणि घरी मात्र पूर्ण तीन गुणांसाठी झटायचे, असा त्यांचा संसारी हिशेब मला दिसला. मला तो आवडला.

त्या मोसमाला एक काळा डागही लागला. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातला सामना सुरू असताना प्रेक्षकांतून आलेला दगड बागानच्या रहीम नबीला लागला, आणि मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात परतलाच नाही. त्याबद्दल बागानवर आधी बंदी आली, पुढे ती मागे घेऊन तोवरचे गुण रद्द करण्याची आणि दोन कोटी रुपयांच्या दंडाची शिक्षा झाली. खेळाडूला जखमी करणाऱ्या प्रेक्षकाची चूक मोठी आहे, आणि सामना अर्ध्यावर सोडणेही लीगच्या मुळावर येणारे आहे, कारण सव्वीस सामन्यांची ही रचना प्रत्येक संघ ठरल्या वेळी मैदानात येईल या एकाच विश्वासावर उभी असते.

मोसमाच्या उत्तरार्धात चर्चिलने सुनील छेत्रीला पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून काही महिन्यांसाठी आणले. सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखालचा तो संघ आधीच भक्कम होता, त्यात छेत्रीची भर पडली. अखेरीस आपल्यात आणि त्यांच्यात तीन गुणांचे अंतर राहिले. तीन गुण म्हणजे एक विजय. बरोबरीत सुटलेल्या दोन सामन्यांत आपण आणखी एकेक गोल केला असता, तर चार गुण वाढून आपण त्यांच्या पुढे गेलो असतो. मी हा हिशेब त्या मे महिन्यात कितीतरी वेळा मांडला, आणि दर वेळी या निष्कर्षाला आलो की चर्चिलचे विजेतेपद न्याय्य होते आणि आपला दुसरा क्रमांकही तितकाच न्याय्य होता.

दुसऱ्या क्रमांकाने आशियातल्या क्लब स्पर्धांचे दार उघडले. २९ जानेवारी २०१४ रोजी पुणे एफसी व्हिएतनाममधल्या हनोई शहरात एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचा सामना खेळला आणि तीन-शून्य असा हरला. पराभव स्पष्ट होता. पण पुण्याच्या नावाचा संघ आशियातल्या सर्वांत वरच्या क्लब स्पर्धेच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि तिथे तो कुणाच्या मेहेरबानीने पोहोचला नव्हता, सव्वीस सामने खेळून पोहोचला होता.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला त्रास होतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिच्यात पुण्याचा नवा संघ आला, एफसी पुणे सिटी. २०१५ च्या आय-लीगनंतर पुणे एफसी स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच सुमारास भारत एफसी एक मोसम खेळून थांबला, डीएसके शिवाजियन्स दोन मोसम खेळून थांबला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये चौथा क्रमांक मिळवून उपांत्य फेरी गाठली, बालेवाडीत बेंगळुरूला गोलशून्य रोखले आणि परतीच्या सामन्यात छेत्रीच्या तीन गोलांपुढे तो हरला. २०१९ मध्ये तोही संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत चार क्लब या शहराने गमावले.

याचे कारण मला एका गोष्टीत दिसते. नव्या लीगमध्ये शुल्क भरून प्रवेश मिळत होता, खेळून मिळत नव्हता. ज्या क्लबने दुसऱ्या श्रेणीतून चढून तिसरा आणि मग दुसरा क्रमांक मिळवला, त्याच्या त्या क्रमांकांना नव्या व्यवस्थेत काही मोल उरले नाही. मैदानावर मिळवलेले स्थान मैदानावरच गमावता आले पाहिजे, दुसऱ्या कोणत्याही मार्गाने नव्हे. आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढती देण्याचा नियम पुढे आला आणि २०२३ मध्ये पंजाबचा क्लब त्या वाटेने वर गेला. ही वाट दहा वर्षे आधी उघडली असती तर पुणे एफसीसारख्या क्लबच्या मालकांना टिकून राहण्यासाठी एक सबळ कारण मिळाले असते, असे मला वाटते.

आता एक विनंती. त्या मोसमाची मी एक वही ठेवली होती, शंभर पानी, आखीव. प्रत्येक सामन्याला एक पान. घरच्या सामन्यांची पाने भरलेली आहेत: संघ, बदली खेळाडू, गोलची मिनिटे, सुभेदारसाहेबांचे शेरे. बाहेरगावच्या सामन्यांची पाने मात्र वर्तमानपत्रांतल्या चार ओळींवरून लिहिलेली आहेत, आणि त्यांतल्या काहींवर निकालापलीकडे काहीच नाही. श्रोत्यांपैकी कुणी त्या वर्षी संघाबरोबर मडगावला, कोलकात्याला किंवा शिलाँगला गेले असेल, कुणाकडे सामन्याची पत्रिका, तिकिटाचा तुकडा, स्थानिक वर्तमानपत्राचे कात्रण असेल, तर त्याची प्रत या केंद्राच्या पत्त्यावर पाठवावी. पाकिटावर 'बावन्न गुण' एवढेच लिहिले तरी ते माझ्यापर्यंत पोहोचेल. गंगटोकच्या सामन्याचे पान सगळ्यात रिकामे आहे, तिथून सुरुवात झाली तर मला आनंद होईल.

नमस्कार.