जुन्या जीएमसीपाशी

[सकाळ. पणजीचा धक्का. बेतीहून आलेली फेरीबोट टेकते, लोखंडी फळी खडखडत खाली येते.]

फळी पुरती टेकायच्या आत पहिली स्कूटर बाहेर. मागोमाग डबे घेतलेले कर्मचारी, मासळीची पाटी सांभाळणारी एक बाई, कॉलेजची मुलं. बाहेर रस्त्याच्या कडेला पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली ओळीनं उभ्या. गोव्यात त्यांना पायलट म्हणतात. गाडीही पायलट, चालवणाराही पायलट. गिऱ्हाईक जवळ आलं की तो एकच शब्द बोलतो, ‘खंय?’ म्हणजे कुठं?

उत्तरं ऐकत राहा.

‘जुनें सेक्रेटरिएट.’ ‘जुनें जीएमसी.’

जुन्या सेक्रेटरिएटात आज सचिवालय नाही. जुन्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डॉक्टर नाहीत. जे उठून गेलं, त्याच्याच नावानं पणजीत पत्ता सांगतात. परगावचा माणूस मोबाइलच्या नकाशावर बोट फिरवत बसतो, तोवर पायलट निघालेला असतो.

[नदीकाठचा रस्ता. चालत्या मोटरसायकलवरून.]

हे जुनं सेक्रेटरिएट. मुळात आदिलशहाचा वाडा. 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुनं गोवं सोडून इथं राहायला आले, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मुक्तीनंतर इथं आमदार भांडायचे. 2000 साली विधानसभा नदीपलीकडे पर्वरीला गेली, भांडणंही गेली. वाडा राहिला, आणि ‘जुनं’ हे विशेषण.

वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा. कोसळत्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा असलेला हा झग्यातला माणूस पाहून पर्यटक बिचकतात. तो तिला संमोहित करतोय. कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्यानं पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये हा पुतळा घडवला. त्याच्या बुडाशी बसून सेल्फी काढणाऱ्यांपैकी फार थोडे पाटी वाचतात.

समोर मांडवी. शहरातला सगळ्यात ठळक बदल इथं नांगर टाकून पाण्यात उभा आहे. कॅसिनोच्या बोटी. दिवसा त्या रंग उडालेल्या इमारतींसारख्या दिसतात. अंधार पडला की त्यांच्या दिव्यांपुढं पलीकडची बेती दिसेनाशी होते.

वरच्या अंगाला पूल. 5 जुलै 1986 रोजी इथला नेहरू पूल कोसळला, तेव्हा साऱ्या उत्तर गोव्याची भिस्त फेरीबोटींवर आली. धक्क्यावरच्या त्या रांगा जुने लोक अजून हातवारे करून सांगतात. जानेवारी 2019 मध्ये अटल सेतू आला. पाच किलोमीटरहून थोडा लांब, केबलांनी तोललेला, रात्री रंग बदलणारा. त्यावर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे शहराचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेल्या पायलटला शहरातल्या सगळ्यात नव्या रस्त्यावर चाक ठेवता येत नाही. तो खालून जातो.

[18 जून रस्ता. खोदलेला चर, पत्रे, धूळ.]

इथं फार थांबायचं कारण नाही. गेली काही वर्षं हा चर एका रस्त्यावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो. दुकानदार सकाळी आधी पायरीवर पाणी मारतात, मग देवाला उदबत्ती.

पण पाटी बघून घ्या. 18 जून, म्हणजे 1946 साली लोहियांनी मडगावला सभा घेतली तो दिवस. आता कॅमेरा फोंतेन्हास या जुन्या वस्तीकडे वळवू. तिथं 31 जानेवारी रस्ता. ही तारीख गोव्याची नव्हे. 1891 मध्ये पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला, त्या दिवसाची. तिकडे चिरडलेल्या बंडाचं नाव इकडे मळा भागाच्या वाटेवर आजही टिकून आहे. पलीकडच्या कोपऱ्यावरचा चहावालाही ‘थर्टीफर्स्ट जानेवारी’ म्हणतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

[फोंतेन्हास. पिवळी, निळी, लाल घरं.]

पाऊस सरला की इथं भिंती रंगवतात. पांढरा रंग चर्चसाठी, घरांना बाकीचे, अशी जुनी रीत. एकेकाळी इथं माड होते. आता सकाळी नऊपासून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. भाड्याच्या स्कूटरी, काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, पंख्यानं उडवलेली ओढणी.

या निळ्या दारापाशी थांबू. दाराला कागद चिकटवलाय: पायऱ्यांवर बसू नये, फोटो काढू नये. कागदाच्या कडा पावसानं फुगल्या आहेत. त्याच पायरीवर आत्ता एक मुलगी टोपी सावरून बसली आहे. आतून कडी वाजते. दार अर्धवट उघडतं, एक हात बाहेर येतो, पिशवी पुढं धरून. मुलीला वाटतं आपल्यासाठीच. ती गडबडून उठते.

हात पोदेरासाठी, म्हणजे पाववाल्यासाठी आहे. सायकलला टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, भोंगा पों-पों. चार पोई, दोन उंडे. पिशवी आत, दार बंद. मुलगी पुन्हा बसते.

या दाराला बोलायला लावायचा आम्हीही प्रयत्न केला. कागद वाचला आणि कॅमेरा बंद केला.

[कांपालच्या दिशेनं. मोठाली झाडं, सावली.]

पुन्हा आपली मोटरसायकल. धक्क्यावरून मागं बसलीय ती विशीतली मुलगी. 1842 पासून वैद्यकीय शिक्षण देणारी संस्था ही जागा सोडून बांबोळीला गेली, ते हिच्या जन्माआधी. इथं 2004 पासून नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवाची गर्दी उसळते. मुलीनं इथं एकही रोगी पाहिलेला नाही. तरी धक्क्यावर तिनं सांगितलं होतं, ‘अंकल, जुनें जीएमसी.’

ती उतरते. हेल्मेट परत देते. पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करते. पायलट मान हलवतो, हेल्मेट हँडलला अडकवतो आणि आसनाखालून मराठी पेपराची घडी काढतो. शब्दकोडं अर्धं राहिलंय.

आडवे, सात. चार अक्षरी.