अकरा नंबरचा कृष्ण

नागपूरच्या बर्डीवरची सकाळ. वरून मेट्रो जातेय, खाली ताडपत्री अंथरली जातेय. आधी गाईडं, मग स्पर्धा परीक्षांचे ठोकळे आणि शेवटी, पोत्याच्या तळातून, अमर चित्रकथा. पिना गंजल्यात, मुखपृष्ठ सुटलंय. आतलं नाव मात्र शाबूत आहे: संपादक, अनंत पै.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरपुढे पालथं पडून आपण हे सगळं वाचलं, तेवढं नाव सोडून.

पै मूळचे कर्नाटकातल्या कार्कळचे, जन्म १९२९चा. दोन वर्षांचे व्हायच्या आत आईवडील गेले, बाराव्या वर्षी मुंबई गाठली. शिकले रसायन तंत्रज्ञान. १९५४ साली ‘मानव’ हे मुलांचं मासिक काढलं. चाललं नाही. मग वेताळाला, म्हणजे फँटमला, घराघरांत नेणाऱ्या ‘इंद्रजाल’ कॉमिक्सचं काम.

पै सांगत, १९६७मध्ये दिल्लीत टीव्हीवर प्रश्नमंजूषा बघितली. ग्रीक देव मुलांना पाठ, रामाची आई कोण ते मात्र सांगता येईना. त्याच वर्षी इंडिया बुक हाऊससोबत अमर चित्रकथा सुरू झाली. मालिकेचे पहिले दहा अंक कन्नडमधल्या परदेशी परीकथांचे, म्हणून ‘कृष्ण’ अकरावा.

हे पान जवळून बघा. संहिता पैंची, चित्रं राम वाईरकरांची. पैसा कमी, म्हणून सुरुवातीच्या अंकांत निळा, पिवळा, हिरवा एवढ्यावरच भागवलेलं. ३२ पानांत अख्खा कृष्ण बसवायचा, म्हणजे लिहिण्यापेक्षा गाळणंच जास्त. चमत्कार दाखवायला पै आधी कचरत, पुढे ती भीड चेपली. आणि हा संवादाचा फुगा बघा. चित्र तेच, फुगा तेवढाच, त्यात मराठी वाक्य कोंबलंय. शेवटचं अक्षर कडेला टेकलंय. लिहिणाऱ्याची खरी कसरत इथे असते, आणि कौतुक सगळं चित्रांचं होतं.

१९८० साली पैंचं ‘टिंकल’ हे मुलांचं मासिक आलं. त्यातला सुप्पंडी हा तमिळ लोककथेतला वेंधळा नोकर, एका वाचकानं तिरुचिरापल्लीहून पाठवलेला. वाईरकरांनी त्याला लांबुळकं डोकं दिलं. मुलं पत्रांत ‘अंकल पै’ लिहीत.

अमर चित्रकथेतल्या जात, स्त्रिया, इतिहास यांच्या चित्रणावर अभ्यासकांनी टीका केली, तीत तथ्यही आहे. २००७मध्ये तिची मालकी बदलली. २४ फेब्रुवारी २०११ला पै गेले.

ताडपत्रीच्या कडेला एक पोट्टा उकिडवा बसलाय. पानं उलटतोय. दुकानदार वर न बघताच विचारतो, “घेतो का नुसताच वाचतो बे?”

पोट्ट्याचं लक्ष नाही.