शनिवारवाडा ते खडकवासला: एका ताऱ्याची त्रिज्या

नमस्कार, श्रोतेहो.

खडकवासला भरलं की त्यात जवळपास दोन टीएमसी पाणी असतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ते सगळं पाणी दाबत दाबत हरभऱ्याच्या एका दाण्यात बसवलं, तर जी घनता होईल, साधारण तेवढी न्यूट्रॉन ताऱ्याची असते. वजनाने हा तारा सूर्याहून भारी, आणि त्रिज्या मात्र १२-१३ किलोमीटर. शनिवारवाड्यात केंद्र धरलं, तर त्याचा पृष्ठभाग सरळ रेषेत खडकवासल्याच्या भिंतीपाशी येईल.

त्याच्या पोटातलं द्रव्य कसं आहे, हे कळावं कसं? आंबा पिकलाय का, हे आपण दाबून पाहतो. इथे दाबायचं काम ताऱ्याचं गुरुत्वाकर्षणच करतं. किती वजनाला तारा किती दबला, एवढं आपण मोजायचं. पण शेकडो प्रकाशवर्षांवरच्या गोळ्याची त्रिज्या मोजायची म्हणजे कठीण काम.

इथे क्ष-किरण मदतीला येतात. काही न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पृष्ठभागावर लाखो अंश तापलेले डाग असतात. तारा गरगर फिरतो, डाग समोर येतो, मागे जातो आणि क्ष-किरणांचा उजेड कमी-जास्त होतो. डाग पाठीमागे गेला की उजेड पार मालवायला हवा, पण तसं होत नाही. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण प्रकाशाला वाकवतं, म्हणून पाठीमागचा डागही थोडा दिसत राहतो! मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. उजेड किती उतरतो, यावरून तारा किती आवळलेला आहे ते कळतं.

आपलं वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१७ मध्ये नासाची ‘नायसर’ बसली. भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरच्या एका क्ष-किरण उपकरणाचं काम तर आपल्या गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून पाहिलं जातं.

नायसरने सेकंदाला २०५ गिरक्या घेणारा एक तारा मोजला. २०१९ मध्ये त्याची त्रिज्या आली सुमारे १३ किलोमीटर. त्याचे डागही समोरासमोरच्या ध्रुवांवर नव्हते, एकाच गोलार्धात होते. मग २०२१ मध्ये दुसरा तारा मोजला, सूर्याच्या दुपटीहून किंचित भारी. वजन वाढलं तर तो आणखी दबायला हवा होता ना? त्याचीही त्रिज्या जवळपास तेवढीच निघाली. म्हणजे आतलं द्रव्य बरंच ताठ आहे, सहजी दबत नाही.

२०२४ मध्ये मात्र आपल्यापासून सुमारे ५०० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची त्रिज्या साडेअकराच्या आतबाहेर आली, खडकवासल्याच्या भिंतीच्या थोडी अलीकडे. या मोजमापांत अजून किलोमीटरभराची चूक असू शकते. आणि गाभ्यात न्यूट्रॉन तसेच शाबूत आहेत की विरघळून त्यांच्या आतले क्वार्क नावाचे कण मोकळे झालेत, याचा निकाल नेमका तेवढ्याच अंतरात अडकला आहे.

नमस्कार.